शब्दचर्चा : ‘स्टॅबिलायझेशन’ला स्थिरीकरण म्हणावं का?

विचारणा (पंचवटी, नाशिक)

2019 च्या ऑगस्टात गोदावरीला पूर आला, तेव्हा आमच्या अण्णांनी होळकर पुलावरून सलग 40 मिनिटं चित्रण केलं होतं. पाणी रामकुंड गिळून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढताना त्यात दिसतं. पण अण्णांचा हात कापायचा आणि पुलावर माणसांची दाटी, त्यामुळे पाच मिनिटं पाहिलं की भोवळ येते. सध्या ते ब्लेंडर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करते आहे. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकूण 60,000. सोबत मराठीत टिपण ठेवायचं आहे, पुढे घरातल्या कुणालाही हे काम करता यावं म्हणून. ‘स्टॅबिलायझेशन’ला, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करण्याला, स्थिरीकरण आणि ‘ट्रॅकिंग’ला, म्हणजे चित्रातला एखादा ठिपका फ्रेममागून फ्रेम शोधत जाण्याला, अनुसरण असं लिहिलं, पण वाचताना सरकारी परिपत्रक वाटतं. तुम्ही काय म्हणता?

उत्तर (निफाड)

ताई, आमच्याकडे स्थिरीकरण म्हटलं की आधी कांदाच आठवतो. किंमत स्थिरीकरण निधीतून खरेदी कधी सुरू होणार, ही चर्चा लासलगावच्या बाजारात दर हंगामाला असते. शब्द चुकीचा नाही, पण तो शेवटी काय मिळालं ते सांगतो. तुम्ही बसून काय करता, ते त्यातून कळत नाही.

ट्रॅकिंगला मात्र आपला शब्द तयार आहे : माग. उसात बिबट्या शिरला की ठशांवरून माग काढतात. माग लागतो, माग सुटतो, माणूस मागावर असतो. अनुसरण विचारांचं, गुरूचं होतं. ठिपक्याचा मागच काढायचा.

उत्तर (नाशिकरोड)

मी लग्नाची चित्रणं संकलित करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘माग’ एकदम पटला. सॉफ्टवेअर नेमकं तेच करतं. एका फ्रेममध्ये ठळक खूण धरायची, पुढच्या फ्रेममध्ये ती कुठे सरकली ते आसपास शोधायचं आणि जेवढी सरकली तेवढंच चित्र उलट्या दिशेने सरकवायचं. एका खुणेवरून फक्त आडवं-उभं सरकणं कळतं. कॅमेरा कलला असेल तर दुसरी खूण लागतेच.

पण ‘हलणं’ हा एकच शब्द टिपणात ठेवू नका. थरथर हाताची असते, बारीक आणि सतत. धक्का लागला की हिसका बसतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला की चित्र सावकाश हेलकावा खातं. थरथर सहज निघते. हेलकावा काढायला गेलं तर चित्र खूप सरकवावं लागतं, कडेला काळ्या पट्ट्या उघड्या पडतात आणि त्या झाकायला चित्र मोठं करून कडा कापाव्या लागतात. पुराच्या चित्रणात कडेला घाट असेल तर तोच जाईल, तेव्हा थोडा हेलकावा राहू द्या.

चौथा प्रकार मोबाइलच्या चित्रणात फार दिसतो. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो. खालची ओळ वाचेपर्यंत कॅमेरा हललेला असतो, म्हणून सरळ खांबही खरवसासारखा थुलथुलतो. त्याला मी थुलथुल म्हणतो. हा दोष नुसतं चित्र सरकवून जात नाही. हिसक्याने फ्रेम फरकटली असेल तर तो धूसरपणाही तसाच राहतो.

आणि ताई, खूण पाण्यावर मुळीच धरू नका. लाटेचा माग काढलात तर पूर जागीच थांबेल आणि घाट वाहू लागेल.

विचारणा करणारीकडून

दादा, पहिल्या दिवशी माझं हेच झालं! आपोआप शोधलेल्या खुणांपैकी निम्म्या फेसावर बसल्या होत्या. त्या सगळ्या पुसल्या आणि मारुतीवर स्वतः खुणा धरल्या. नाशिककर पूर मोजतात तोच मारुती, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं असं म्हणत. गंमत म्हणजे माझा मागही तसाच सुटत गेला. कमरेवरची खूण बाराव्या मिनिटाला बुडाली, मग छातीवर धरली, पुढे खांद्यावर. दुसरी खूण पलीकडच्या एका देवळाच्या कळसावर आहे, ती शेवटपर्यंत टिकली.

तर टिपणात आता असं लिहिते : काम ‘थरथर काढणं’, कृती ‘माग काढणं’, ठिपका ‘खूण’. स्थिरीकरण फक्त शीर्षकात, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. एक अडलंय. बुडणाऱ्या खुणेकडून वरच्या खुणेकडे माग सोपवतात, त्याला काय म्हणावं? ‘हस्तांतर’ नको.

उत्तर (निफाड)

खो. कमरेने छातीला खो दिला.

उत्तर (नाशिकरोड)

खो छान आहे, फक्त टिपणात एक ओळ जोडा : खो देण्याआधी दोन्ही खुणा निदान दहा-पंधरा फ्रेम एकत्र चालू द्या. जुनी बुडाल्यावर नवी धरली तर नेमक्या त्या जागी चित्र हिसका खातं. तुमच्या बाराव्या मिनिटाला तसं झालंय का, तेवढं तपासा.