पाण्याखालच्या गोंगाटाने सीलला बहिरेपण येते का?

प्रश्न (विज्ञान शिक्षक, अमळनेर)
नमस्कार. वडिलांची सारी हयात कापसाच्या जिनिंगच्या गोंगाटात गेली आणि आता त्यांना दाराची कडी वाजलेलीही ऐकू येत नाही. त्यामुळे जहाजांच्या व बांधकामाच्या आवाजाने सील हे समुद्री प्राणी बहिरे होतात असे वाचल्यापासून तो विषय मनातून जात नाही. पाण्यात १८० डेसिबल म्हणजे नेमका किती मोठा आवाज, आणि सीलचे गेलेले ऐकणे परत येते का, हे वर्गातील मुलांना सांगायचे आहे. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, चोपडा)
सर, आधी आकड्याचे पाहू. हवेतला आवाज २० मायक्रोपास्कल दाबाच्या तुलनेत मोजतात आणि पाण्यातला १ मायक्रोपास्कलच्या, त्यामुळे २६ डेसिबलचा फरक इथेच पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी दाट असल्याने आणि त्यात आवाजाचा वेगही जास्त असल्याने आणखी सुमारे ३६ चा पडतो. म्हणजे तीव्रतेच्या हिशेबाने पाण्यातले १८० हवेतल्या ११८ च्या जवळपास येतात. हा आवाज लहान मुळीच नाही, मात्र पाण्यातला आकडा हवेतल्या आकड्याशेजारी ठेवून मुलांना घाबरवू नये.

उत्तर (श्रवणतज्ज्ञ, धुळे)
बुडी मारताना सीलच्या कानाचे छिद्र मिटते, तरी डोक्याच्या हाडांतून आणि ऊतींतून कंपने आतल्या कानापर्यंत पोहोचतात. पुढची यंत्रणा आपल्यासारखीच आहे: कंपने टिपणाऱ्या अतिबारीक केशपेशी थकल्या तर सावरतात, मेल्या तर सस्तन प्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहीत.

दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. नेदरलँड्समध्ये एका हार्बर सीलला (ही सीलची एक जात) १६३ डेसिबलचा गोंगाट तासभर ऐकवल्यावर त्याचे ऐकणे ४४ डेसिबलने उतरले, पण चार दिवसांत पूर्ववत झाले. कॅलिफोर्नियातील दुसऱ्या हार्बर सीलला ४१०० हर्ट्झचा, १८१ डेसिबलपर्यंतचा सूर मिनिटभर ऐकवला गेला. त्या सुरावरचे त्याचे ऐकणे ४८ तासांत परतले, मात्र थोडे वर, ५८०० हर्ट्झवर, किमान ८ डेसिबलची उणीव उरली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ मोजता आली. ज्या सुराने इजा झाली तेवढाच तपासला असता तर हा प्राणी बरा झाला असेच सगळ्यांनी मानले असते, आणि मला हे फार गंभीर वाटते. सर, आपल्या वडिलांचा श्रवणआलेख (कोणता सूर किती ऐकू येतो याचा आलेख) काढला असेल तर ४००० हर्ट्झजवळ खाच दिसते का ते जरूर पाहा; गोंगाटात काम केलेल्यांत ती बरेचदा आढळते.

उत्तर (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, चोपडा)
ताई, आपल्या आकड्यांत एक गोष्ट लपली आहे. तास म्हणजे मिनिटाच्या साठपट, आणि साठपट ऊर्जा म्हणजे डेसिबलच्या मापात सुमारे १८ ची वाढ. १६३ मध्ये ते मिळवले की बरोबर १८१ येतात. दोन्ही सीलना मिळालेली एकूण ध्वनिऊर्जा जवळपास सारखीच, तरी एकाचे नुकसान भरून निघाले आणि दुसऱ्याचे नाही. प्राणी वेगळे आणि आवाजाचा प्रकारही वेगळा होता, त्यामुळे एवढ्यावरून नियम काढता येणार नाही. पण केवळ ऊर्जेची बेरीज करून सुरक्षित मर्यादा आखणे पुरेसे नाही, असे मला वाटते.

उत्तर (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, जळगाव)
प्रयोगशाळेबाहेरचे उदाहरण देते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉश उपसागराजवळ २०१२ मध्ये पवनचक्क्यांचे खांब समुद्रतळात ठोकले जात असताना २४ हार्बर सीलवर मागोवा यंत्रे बसवलेली होती. त्यांतील निम्म्या सीलना कायमची इजा होण्याइतका आवाज पोहोचला असावा, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो गणिती अंदाज होता, त्या सीलचे कान कोणी तपासले नव्हते. जहाजांच्या सततच्या घरघरीने कान बिघडला नाही तरी नराची जोडीदारासाठीची साद बुडून जाते, हा त्रास निराळाच. खांबाभोवती तळाशी छिद्रांची नळी टाकून हवा सोडली की बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो आणि आवाज बराच अडतो. जर्मनीने खांबापासून ७५० मीटरवर प्रत्येक ठोक्यासाठी १६० डेसिबलची मर्यादा घातल्यावर असे पडदे तेथे नित्याचे झाले.