निरोपाची शाल घेऊन झाली तरी ग्राउंड सुटत नाही, काय करू?

मिरजेचा_स्टॉपर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येड्यासारखा वाटेल पण विचारतोच, कारण घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं आणि ग्राउंडवर विचारलं तर पोरं हसतात.

वय ४२. मिरजेत राहतो, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, फर्स्ट शिफ्ट, त्यामुळं संध्याकाळ मोकळी. पंधराव्या वर्षापासून फुटबॉल, पहिल्यापासून स्टॉपर, म्हणजे गोलीच्या पुढं मधोमध उभा राहून समोरच्यांना अडवणारा. प्रोफेशनल वगैरे कधीच नव्हतो, आपलं मंडळाची टीम, जिल्ह्यातल्या टुर्नामेंट, आणि ऐन उमेदीत चार-पाच सीझन कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पण खेळलो. ज्यांनी ती गर्दी बघितलीय त्यांना सांगायला नको, पेठापेठांचे झेंडे, शिट्ट्या, बॉल पायात आला की नुसता गलका.

तर गेल्या वर्षी मी जाहीर केलं की बास. डावा गुडघा कुरकुरायला लागलेला, मॅचआधी एक गोळी टाकल्याशिवाय उतरता येत नव्हतं. मंडळानं मोठ्या मनानं निरोपाची मॅच ठेवली, फेटा, शाल, श्रीफळ, फोटोची फ्रेम, मी माइकवर चार शब्द बोलायला गेलो आणि तिसऱ्या शब्दाला रडलो. सगळं रीतसर. आणि सतरा दिवसांनी एका मॅचला दोन पोरं परीक्षेमुळं आली नाहीत म्हणून उतरलो, ते आजतागायत खेळायलोय. आता कट्ट्यावर विचारतात, "दादा, शाल परत करताय न्हवं? ड्रायक्लीन करून द्या, पुढच्या वर्षी परत लागंल."

हसण्यावारी नेलं मी पण. पण परवा सेमीफायनलला एक झालं. समोरचा फॉरवर्ड १९-२० वर्षांचा पोरगा, तो डावीकडं निघणार हे मला त्याच्या कंबरेवरनं कळलेलं, बॉल त्याच्या पायात यायच्या आधी कळलेलं, आयुष्यभर हेच केलंय मी. वळलो पण. म्हणजे डोकं वळलं, खांदा वळला, आणि गुडघा मागनं सावकाश आला. तोवर पोरगं गोलसमोरच्या पेटीत. गोल. कुणी एक शब्द बोललं नाही. उलट गोलीच मला सॉरी म्हणाला! चूक माझी आणि सॉरी तो म्हणतोय. पूर्वी आईबहीण काढली असती.

अजून एक. आमच्यात एक पोरगा आहे, आयटीआय करतो, स्टॉपरच, तीन सीझन माझ्यामागं बाहेर बसतोय. कधी तक्रार नाही, मॅच झाली की माझी बॅग पण तोच उचलतो.

प्रत्येक मॅचनंतर ठरवतो की ही शेवटची. बुधवारपर्यंत टिकतं ते. गुरुवारी साडेपाच वाजले की गाडी आपोआप ग्राउंडकडं वळते. थांबू का अजून एक सीझन काढू?

पेठेतला_गोली

मर्दा, गोली सॉरी म्हणाला तिथंच निकाल लागला की. शिव्या बंद झाल्या म्हणजे टीमनं तुला काका केला. मी पण गोलीच, ३७ ला सोडलं, मला कुणी फेटा नाही बांधला, ग्लोव्हज पुतण्याला दिले आणि दुसऱ्या दिवशी गेलो नाही. विषय संपला. तसा संपला म्हणजे काय, अजून लीग सुरू झाली की झोपेत डाइव्ह मारतोय, बायको भिंतीकडं सरकून झोपते.

पण शाहू स्टेडियमचं नाव काढलंस, बरं वाटलं. कुठल्या साली खेळायचास? तुझ्यावर एखादा गोल वाचवला असंल मी.

मिरजेचा_स्टॉपर

स्टॉपर होतो ओ, गोल कुठनं मारणार. कॉर्नरला वर जायचो तेवढंच.

हळद_आणि_भडंग

मी खेळाडू नाही, बघणारा माणूस, सांगलीत बसून रात्री-अपरात्री मॅच बघतो आणि सकाळी दुकानात पेंगतो. पण दादा तुमच्या केसमध्ये एक सांगतो, हे मोठमोठ्यांना जमलेलं नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता.

आपला सुनील छेत्रीच घ्या, भारताच्या फुटबॉल टीमचा इतकी वर्षं कॅप्टन. १६ मे २०२४ ला व्हिडिओ टाकला की आता बास, ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटची मॅच, ०-० झाली, सॉल्ट लेक स्टेडियम रडलं, तो रडला, इकडं मी पण. आणि मार्च २०२५ ला भाऊ परत टीममध्ये! चाळीस वर्षांचा, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरनं गोल पण मारला, देशासाठी ९५ वा. लगेच लोक दोन्हीकडनं बोलायला लागले, एक म्हणतात वाघ आहे, दुसरे म्हणतात मग देशात एवढ्या दिवसांत दुसरा फॉरवर्ड तयारच झाला नाही का. दोन्ही खरं आहे, हीच तर पंचाईत.

इंग्लंडचा पॉल स्कोल्स, मँचेस्टर युनायटेडचा, २०११ ला सोडलं, जानेवारी २०१२ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध अचानक बेंचवर बसलेला दिसला. बूट म्हणे साध्या दुकानातनं विकत घेतलेले. आणि पुढच्या वर्षी लीग जिंकूनच गेला घरी.

पण या सगळ्यांचा बाप वेगळाच आहे. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तिकडं फुटबॉल म्हणजे तो बॉल हातात घेऊन पळतात ते, त्यात ब्रेट फार्व म्हणून होता. १६ सीझन ग्रीन बे पॅकर्सकडं. मार्च २००८ ला पत्रकारांसमोर रडून रडून निवृत्त झाला. ऑगस्टला न्यूयॉर्क जेट्सकडनं खेळायला हजर! फेब्रुवारी २००९ ला परत निवृत्त. ऑगस्टला परत हजर, ते पण मिनेसोटाकडनं, म्हणजे ग्रीन बेच्या कट्टर वैऱ्याकडनं, आपल्याकडं एका पेठेचा हिरो समोरच्या पेठेचा टी-शर्ट घालून उतरावा तसं. किती शिव्या खाल्ल्या असतील. आणि गंमत म्हणजे चाळिशीत तो सीझन असा खेळला की बास, ३३ टचडाउन पास (म्हणजे आपल्या गोलासारखे) आणि समोरच्यांच्या हातात गेलेले पास फक्त ७. फायनलच्या उंबरठ्यावर शेवटच्या क्षणी बॉल समोरच्यांच्या हातात दिला आणि हरले. तिथं थांबायचं ना? नाही. पुढच्या ऑगस्टला टीममधले तिघं विमानानं त्याच्या घरी गेले समजूत काढायला, घेऊन आले, आणि तो सीझन मात्र पार वाया. शरीरच मोडलं. २९७ मॅच सलग सुरुवातीपासून खेळलेला माणूस, ती रांग पण तिथंच तुटली.

म्हणून माझं मत, चूक खेळण्यात नाही, जाहीर करण्यात आहे. निरोप समारंभ म्हणजे आपण जिवंत असताना आपलीच दहाव्याची भाषणं ऐकायची, एवढं कौतुक ऐकल्यावर कुणाला जावंसं वाटंल? परत शाल घेऊ नका. चुपचाप कमी कमी करत जा.

बेंचवरचा_कायमचा

वरचे सगळे हसून सोडताय म्हणून लिहितोय. मी पण असाच एका दादांच्या मागं दोन वर्षं बसलोय (वेगळं गाव, वेगळी टीम). दादा, तो पोरगा बॅग उचलतो म्हणजे प्रेमानंच उचलतो असं नसतं ओ. दुसरं काय करणार तो? तुम्हाला उठा म्हणू शकत नाही, कॅप्टन म्हणू शकत नाही कारण कॅप्टनला पण तुम्हीच शिकवलंय. स्टॉपर बाहेर बसून तयार होत नाही, चार गोल अंगावर खाऊनच होतो. १९ ते २२ ही तीन वर्षं त्याला कोण परत देणार? पुढं नोकरी लागली की पुण्याला जाईल, खेळ सुटला. आमचा सुटला. राग मानू नका.

मिरजेचा_स्टॉपर

राग नाही भावा. दोनदा वाचलं.

फिजिओ_मॅडम

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेतच, त्यामुळे तुमच्यासारखे गुडघे रोज बघते. खेळावं की नाही हे मी सांगणार नाही, पण काही गोष्टी ऐका.

पहिलं म्हणजे ती मॅचआधीची गोळी बंद. दुखणं ही गुडघ्याची भाषा आहे, तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवून खेळताय. सरळ पळण्यानं एवढं बिघडत नाही, बिघडतं ते वळताना. स्टड जमिनीत रुतलेला, पाऊल जागेवर, आणि वरचं शरीर फिरतं, तो सगळा पीळ गुडघ्यातल्या गादीवर येतो, आणि चाळिशीनंतर ती गादी आधीच झिजलेली असते. स्टॉपरचं तर कामच वळायचं. चालताना गुडघा अडकतो का, जिना उतरताना अचानक दगा देतो का? तसं असेल तर आधी एमआरआय, मग बाकी चर्चा.

दुसरं, घरात शिंप्याची टेप असेल ती घ्या. मॅचच्या आधी वाटीच्या मधोमध गुडघ्याचा घेर मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी परत मोजा. एक सेंटिमीटरच्या वर वाढला आणि दोन दिवसांत उतरला नाही तर त्या आठवड्यात ग्राउंड नाही. टेप खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता (सगळेच पेशंट बोलतात). मांडीचे व्यायाम रोज, मॅचच्या दिवशी नाही.

आणि गुडघ्यापेक्षा महत्त्वाचं, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. पस्तिशीनंतर ग्राउंडवर कोसळणाऱ्यांत सगळ्यात मोठं कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला ब्लॉकेज असतं. "मी रोज खेळतो, मला काय होतंय" हे वाक्य मी फार ऐकलंय.

सौ_ग्राउंडवाली

भाऊ, तुमच्या मिसेसच्या वतीनं लिहिते. आमच्याकडं क्रिकेट आहे पण आजार तोच. आमचे हे सोडलं म्हणायचे आणि किट माळ्यावर न टाकता दारामागं ठेवायचे. मी एकच विचारते, बूट कुठं आहेत सध्या? गाडीच्या डिकीत असतील तर तुमचं काही ठरलेलं नाही, उगाच लोकांचा वेळ घेऊ नका. आधी बूट घरात आणा.

आणि साडेपाचला घरी येऊन सोफ्यावर बसून सगळ्यांवर चिडचिड करणार असाल तर त्यापेक्षा ग्राउंडवरच जा बाई. खेळू नका पण जा. पोरांना शिकवा, शिट्टी फुंका, काहीतरी.

पेठेतला_गोली

वहिनींनी डिकी बरोबर पकडली 😂

शिकवायचं मनात असंल तर एआयएफएफचा (देशाच्या फुटबॉल महासंघाचा) डी लायसन्स कोर्स बघ की लका. नुसतं "मी एवढी वर्षं खेळलोय" म्हणून कोच होता येत नाही आता, शाळावाले पण कागद मागतात.

मिरजेचा_स्टॉपर

सगळ्यांना थँक्यू. रविवारचं सांगतो आणि थांबतो.

कॅप्टनला आदल्या दिवशीच सांगितलं की पोराला सुरुवातीपासून खेळव. तो म्हणाला नक्की का दादा, मी म्हणालो नक्की, त्यानं परत विचारलं नाही, म्हणजे वाटच बघत होता हे कळलं. पोरगं खेळलं. पहिली वीस मिनिटं भेदरलेलं, एक बॉल सरळ समोरच्याच्या पायात दिला, मी लाइनवरनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, आणि गोलीनं त्याला अशा काय शिव्या घातल्या, ऐकून इतकं बरं वाटलं मला. नंतर सावरलं. एक टॅकल तर असलं केलं, पाय घसरवून, बॉल आधी आणि माणूस नंतर, मी हे त्याला कधीच शिकवलेलं नाही.

शेवटची बारा मिनिटं राहिली आणि त्याच्या पोटरीत गोळा आला. झोपला खाली. आम्ही १-० नं पुढं. बेंचवर दुसरा स्टॉपर नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

वहिनी, बूट डिकीतच होते. खोटं कशाला बोलू.

जिंकलो. सोमवारी सकाळी टेप लावली, दीड सेंटिमीटर. बुधवारी सूज उतरली. स्ट्रेस टेस्टची अपॉइंटमेंट गुरुवारी घेतलीय, मुद्दाम साडेपाचची.