सगळं पाप एकट्या स्टालिनच्याच माथी का?

जुनाट वाचक

परवा माळा आवरताना वडिलांच्या ट्रंकेत सोव्हिएत छपाईची पुस्तकं निघाली. गुळगुळीत कागद, किंमत जेमतेम दोन-चार रुपये, आणि पानोपानी वडिलांनी लाल पेन्सिलीने मारलेल्या रेघा. आमच्या घरात एक वाक्य म्हणजे वेदवाक्य होतं: लेनिन गेला आणि स्टालिनने मातेरं केलं. स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने १९५६ च्या भाषणात स्टालिनचे गुन्हे उघड केले, त्यानंतर अनेक डाव्या घरांनी याच वाक्याचा आसरा घेतला. मूर्ती एकच फोडायची, देव्हारा तसाच ठेवायचा.

मला हे आता पटत नाही. चेका ही गुप्त पोलीस यंत्रणा डिसेंबर १९१७ मध्ये निघाली, बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या पक्षाच्या, हाती सत्ता येऊन दीड महिनाही झाला नव्हता. संविधान सभेची निवडणूक खुद्द बोल्शेविकांच्या राज्यात झाली. त्यांना साधारण चौथा हिस्सा मतं पडली, सोशालिस्ट रिव्होल्युशनरी पक्ष पहिला आला. जानेवारी १९१८ मध्ये सभेची एकच बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. ऑगस्ट १९१८ मध्ये लेनिनने पेन्झाला तार केली, त्यात निदान शंभर कुलकांना, म्हणजे सधन शेतकऱ्यांना, लोकांच्या डोळ्यांदेखत फासावर लटकवायला सांगितलं होतं. ही तार स्टालिनची नव्हे.

आणि मार्च १९२१ चं क्रोनस्टाट, पेत्रोग्राद (आजचं सेंट पीटर्सबर्ग) शेजारच्या आरमारी किल्ल्यातलं बंड. ज्या खलाशांना लेनिनचा सहकारी ट्रॉट्स्की १९१७ मध्ये क्रांतीची शान म्हणायचा, त्यांनीच मागणी केली: सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी मंडळांच्या, निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्या, कामगार-शेतकऱ्यांना आणि डाव्या पक्षांना बोलू द्या, समाजवादी कैद्यांना सोडा. उत्तरादाखल गोठलेल्या समुद्रावरून फौज चालून गेली. त्याच दिवसांत मॉस्कोत पक्षाचं दहावं अधिवेशन चालू होतं. तिथले काही प्रतिनिधी उठून हल्ल्याला गेले, आणि उरलेल्यांनी पक्षात गट करायला बंदी घालणारा ठराव केला.

गिरणी लेनिनने उभी केली. स्टालिनने ती तिन्ही पाळ्यांत चालवली, इतकंच.

गोगलगाय

आमच्या सोसायटीतही गटबाजीवर बंदीचा ठराव झाला होता. अध्यक्ष अजून तेच आहेत.

लालबागचा नातू

गिरणीचा दाखला दिलात, म्हणून मला बोलावंच लागेल. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला. तेव्हा जिनिव्हात परागंदा असलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाबद्दल लिहिलं: हिंदुस्थानचा कामगार आता जाणता झालाय, इथलं इंग्रजी राज्य टिकणार नाही. इंग्लंड-फ्रान्सचे किती पुढारी तेव्हा आमच्या चाळींकडे बघत होते?

तुमच्या यादीतल्या तारखा खऱ्या आहेत, पण त्या हवेत लटकतायत. ऑगस्ट १९१७ मध्ये जनरल कोर्निलोव्ह राजधानीवर फौज घेऊन निघाला होता. पुढे ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकन, जपानी सैन्यं रशियात उतरली. जनरल देनिकिनच्या ‘गोऱ्या’, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सैन्याने युक्रेनमध्ये ज्यूंची हजारोंनी कत्तल केली. पर्याय लेनिन की लोकशाही असा नव्हताच. लेनिन की देनिकिन, असा होता. आणि जमीनदाराची जमीन शेतकऱ्याला देण्याचा हुकूम सत्ता घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी निघाला, तो यादीत का नाही?

तर्कट

नातूसाहेब, एक साधी शंका. देनिकिननंतर गोऱ्यांचा सेनापती झालेल्या व्रँगेलची फौज नोव्हेंबर १९२० मध्येच क्रिमियातून बोटींत बसून निघून गेली. क्रोनस्टाट त्यानंतर चार महिन्यांनी झालं. तोवर कुठला देनिकिन उरला होता?

लालबागचा नातू

बर्फ वितळायला थोडेच आठवडे होते. वितळलं की पेत्रोग्रादच्या दारातला तो किल्ला आणि ते आरमार बंडखोरांच्या हाती, आणि समुद्र परदेशी जहाजांना मोकळा. हे भय खोटं नव्हतं. पण तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नवं आर्थिक धोरण आणून शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य उचलणं त्याच अधिवेशनात थांबवलं. म्हणजे धान्याच्या बाबतीत माघार घेता आली, मतपेटीच्या बाबतीत नाही. क्रोनस्टाटचं समर्थन मला जमत नाही. फक्त त्यावरून अख्ख्या क्रांतीचा निकाल लावू नका.

चौथा मजला

तुम्ही दोघंही लेनिनचं शेवटचं वर्ष विसरताय. डिसेंबर १९२२ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसाने पक्षासाठी सांगून पत्र लिहवून घेतलं की स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे. ४ जानेवारी १९२३ ला पुरवणी जोडली: हा फार उद्धट आहे, याला सरचिटणीसपदावरून हलवा. याला वारसा म्हणतात होय?

आणखी एक हिशेब. ऑक्टोबर १९१७ च्या पहिल्या पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीत, सात माणसं होती. लेनिन आजारपणाने गेला. झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्हला १९३६ मध्ये गोळ्या घातल्या, बुब्नोव्हला १९३८ मध्ये. सोकोल्निकोव्ह १९३९ मध्ये तुरुंगात मारला गेला, ट्रॉट्स्की १९४० मध्ये मेक्सिकोत. सातवा स्टालिन. खऱ्या वारसाला घरातली सगळी माणसं संपवावी लागत नाहीत.

जुनाट वाचक

भाऊबंदकीत वारसच मारतात हो! नारायणराव पेशव्याच्या खुनामागे काकाच होता, कुणी परका नव्हे.

ते पत्र मीही वाचलंय. त्यात उपाय काय सुचवलाय? केंद्रीय समितीतली माणसं वाढवा, पन्नास करा, शंभर करा. रोग एकाधिकाराचा आणि औषध काय, तर चार खुर्च्या जास्त मांडा. दुसऱ्या पक्षांना परवानगी द्या, वर्तमानपत्रं मोकळी करा, असं एक अक्षर नाही. मरणाच्या दारातही त्याला आपल्या पक्षाबाहेरचा माणूस दिसला नाही.

तुमच्या ट्रॉट्स्कीबद्दल तर बोलायलाच नको. क्रोनस्टाटच्या वेळी युद्धखातं कुणाकडे होतं? १९२० मध्ये कामगारांना लष्करी शिस्तीत बांधायची योजना कुणाची? आणि १९२५ मध्ये हे पत्र बाहेर फुटलं तेव्हा पक्षाच्या दबावाखाली लेनिनचं असं कुठलं मृत्युपत्र दडवलेलंच नाही म्हणून लिहून देणारा कोण? छळ झाल्याने माणूस निर्दोष ठरत नाही.

चौथा मजला

१९२५ चं ते निवेदन लाजिरवाणं होतं, कबूल. पण वधस्तंभावर चढलेला आणि जल्लाद एकाच मापाने मोजताय.

अनुस्वार

मघापासून वाचतेय. सगळे मॉस्कोच्या खिडकीतूनच बघताय. जॉर्जियाला विचारा ना. मे १९२० च्या तहात मॉस्कोने तिचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये लाल सेना राजधानी तिफ्लिसमध्ये शिरली. तिथलं सरकारही समाजवादीच होतं, मेन्शेविकांचं, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधातल्या समाजवाद्यांचं. तेव्हा लेनिन हयात होता, धडधाकट होता.

आता उलटी बाजू. १९२२ मध्ये स्टालिनचा बेत होता की सगळी प्रजासत्ताकं रशियात विलीन व्हावीत. लेनिन आडवा आला आणि बरोबरीचा संघ, फुटून निघायच्या हक्कासह, असा आराखडा मंजूर करून घेतला. हक्क कागदावरच राहिला, पण १९९१ मध्ये प्रजासत्ताकं वेगळी झाली ती संघातल्या आपापल्या सीमांवर. म्हणूनच पुतिनचा राग लेनिनवर आहे. २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात, युद्धाच्या तीन दिवस आधी, त्यांनी आजचा युक्रेन ही लेनिनचीच करणी ठरवली. तिकडे युक्रेनने लेनिनचे पुतळे पाडले, आणि मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्थानकात मे २०२५ मध्ये स्टालिनचं जुनं शिल्प नव्याने घडवून बसवलं. तेव्हा जुनाट वाचक, गिरणी एकच होती तर आजच्या क्रेमलिनला एक मालक चालतो आणि दुसरा का चालत नाही?

बायकांचं तर कुणी नावच घेतलं नाही. गर्भपात १९२० मध्ये कायदेशीर केला, जगात पहिल्यांदा. स्टालिनने १९३६ मध्ये पुन्हा बंदी घातली. हा फरक तुमच्या ‘इतकंच’मध्ये मावत नाही.

तर्कट

अनुस्वार, पुतिनला आवडत नाही म्हणून लेनिन चांगला, हे काही प्रमाण नव्हे. बाकी मुद्दे दमदार.

लालबागचा नातू

आपल्या माणसांचा दाखला देतो. १९२० मध्ये कॉमिन्टर्न या कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दुसऱ्या अधिवेशनात एम. एन. रॉय यांनी वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनशी उघड मतभेद मांडले. गांधी क्रांतिकारक की प्रतिगामी, इथपर्यंत वाद होता. लेनिनने काय केलं? रॉयना स्वतःचा मसुदा लिहायला सांगितलं, आणि काही बदल करून तो आपल्या मसुद्याबरोबर मंजूर झाला. तेच रॉय पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्यांचे वैचारिक सोबती झाले.

आता दुसरा माणूस. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचा भाऊ. बर्लिनमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य घातलं, शेवटी लेनिनग्राडला राहिला. १९३७ मध्ये उचलला आणि गोळी घातली. हिंदी क्रांतिकारक अबनी मुखर्जींचंही त्याच वर्षी तेच झालं. १९२० मध्ये वाद घालून जिवंत बाहेर पडता येत होतं. १९३७ मध्ये वाद न घालताही जीव जात होता.

जुनाट वाचक

चट्टोपाध्यायांचा दाखला बोचला. वडिलांच्या पुस्तकांत त्यांचं नाव कुठेच दिसलं नाही.

तरी एक सांगतो. रॉय पाहुणे होते. त्याच काळात रशियातले मेन्शेविक आणि सोशालिस्ट रिव्होल्युशनरी कुठे होते? तुरुंगात, नाहीतर परदेशात. आणि १९३७ मध्ये चट्टोपाध्यायांना ज्या खात्याने उचललं ते चेकाचंच पुढचं नाव.

लालबागचा नातू

खातं तेच, मान्य. पण त्या खात्याने १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणेच ६ लाख ८० हजारांवर माणसं गोळ्या घालून मारली. त्याचा आधीचा प्रमुख यागोदा १९३८ मध्ये आणि त्याच्या जागी आलेला येझोव्ह १९४० मध्ये त्याच भिंतीपाशी गेला. तिन्ही पाळ्या म्हणता तुम्ही. मालकाने कामगारच नव्हे, मुकादमही भट्टीत टाकले. अशी गिरणी कुठे पाहिलीत?

ट्रंकेतली पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. रेघा कुठे मारल्यात ते बघायला मी येतो.

जुनाट वाचक

या, पत्ता खासगीत कळवतो. क्रोनस्टाटचं पान मीच आधी शोधून बघितलं. पाऊण परिच्छेद आहे, ‘गोऱ्यांचा कट’ म्हणून. त्याखाली रेघ नाही.