सिगारेट ओढणाऱ्या घरात मांजराचं पिल्लू दत्तक द्यावं का?

मनीची मावशी

ठाण्यात रस्त्यावरची पिल्लं उचलून, लसी देऊन, दत्तक देणारा आमचा छोटा गट आहे. गटात सध्या जोरदार भांडण चालू आहे, म्हणून धागा काढते.

एका काळ्यापांढऱ्या पिल्लासाठी एक जोडपं आलं होतं. चांगली माणसं. खिडक्यांना जाळी, गॅलरीला जाळी, नसबंदीचा खर्च करायची तयारी. आमच्या फॉर्मात एक प्रश्न असतो, घरात कोणी धूम्रपान करतं का? त्यांनी खरं तेच लिहिलं. हो, वडील, रोज एक पाकीट, हॉलमध्ये बसून. मी नाही म्हटलं आणि गटातले निम्मे लोक माझ्यावर तुटून पडले.

माझं म्हणणं सरळ आहे. मांजर घराबाहेर सोडायचं नाही ही अट आम्हीच घालतो. गाड्या, कुत्री, चौथ्या मजल्यावरून पडणं, कारणं रास्तच आहेत. पण मग चोवीस तास त्या ७०० चौरस फुटांत कोंडलेल्या जिवाला आतली हवा कशी मिळते हे बघायचं कुणी? सार्वजनिक ठिकाणी २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानाला बंदी आहे, पण तो कायदा फ्लॅटच्या दारापाशी संपतो. सुनेला निदान बेडरूमचं दार लावून घेता येतं, मांजर हॉलमधल्या त्याच सोफ्यावर झोपतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असेल. धूर असलेल्या घरातल्या मांजरांत लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, होण्याचा धोका २.४ पट निघाला. पाच वर्षं किंवा जास्त काळ धुरात राहिलेल्यांत ३.२ पट. मला एवढं पुरेसं वाटतं. तुम्हाला?

धूम्रकेतू

नाही वाटत. मी ओढतो, घरातच ओढतो, आणि माझा बोका चौदा वर्षांचा आहे. अजून कपाटावर उडी मारतो आणि शेजारच्यांची बोंबील पळवतो.

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण हिशेब चुकतोय. त्या पिल्लाला मिळालं असतं काय? जाळी, डॉक्टर, दोन वेळचं खाणं. आता काय मिळणार? तुमच्याकडे पिंजऱ्यात अजून दोन महिने, आणि तोवर जागा नाही म्हणून रस्त्यावरच राहिलेलं दुसरं एखादं पिल्लू रिक्षाखाली. कर्करोग दहा वर्षांनी *कदाचित* होईल. रिक्षा उद्या येते.

भाड्याने घर देताना मांसाहारी नको, बॅचलर नको, अमुक आडनावाचा नको हे चालतंच. त्यात आता सिगारेटवालाही नको.

बाकरवडी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

त्रैराशिक

मी सिगारेट ओढत नाही, मांजरही नाही, त्यामुळे माझा कुठलाच स्वार्थ नाही. पण २.४ पट हा आकडा असा नुसता फेकला की त्रास होतो.

तो अभ्यास मी वाचला आहे. लिम्फोमा झालेली मांजरं ८०. तुलनेला घेतलेली ११४, आणि तीही निरोगी नव्हेत, मूत्रपिंडाचा आजार असलेली. सगळी एकाच मोठ्या पशुरुग्णालयात आलेली. धूर किती होता हे मोजलेलं नाही, मालकांना प्रश्नावली पाठवून विचारलेलं. आणि २.४ हा मधला अंदाज आहे, खरा आकडा १.२ ते ४.५ यांच्यात कुठेही असू शकतो. १.२ असेल तर फार काही नाही, ४.५ असेल तर भयंकर. शिवाय मूळ धोकाच लहान असेल तर त्याची अडीचपटही लहानच राहते.

पुढे ग्लासगो विद्यापीठात मालकाच्या सांगण्यावर न थांबता मांजराच्या केसांतलं निकोटीन मोजलं. तिथे आतड्याचा लिम्फोमा झालेली मांजरं आणि न झालेली मांजरं यांच्या केसांतल्या निकोटीनमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. ही गोष्ट प्राणीमित्रांच्या पोस्टरवर कधी येत नाही.

धूर चांगला असतो असं मी म्हणत नाही. पिल्लू नाकारण्याइतका हा पुरावा भक्कम नाही, इतकंच.

मनीची मावशी

@त्रैराशिक, अर्धंच सांगितलंत. जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त, घरात जितका जास्त धूर तितका धोका जास्त, अशी चढती भाजणी त्याच २००२ च्या अभ्यासात आहे. निव्वळ योगायोगाला अशी शिस्त नसते.

आणि ग्लासगोचं म्हणाल तर केस गळतात, नवे येतात. केसांतलं निकोटीन गेल्या काही महिन्यांचा धूर सांगेल, कर्करोग कित्येक वर्षांच्या धुराचा असतो. शिवाय मालक जितका धूर सांगत होते तसं मांजराच्या केसांतलं निकोटीनही वाढलेलं दिसलं, हेही त्यांचंच. म्हणजे विष आत जातंय याबद्दल तरी वाद नाही ना?

@धूम्रकेतू, तुमच्या बोक्याला उदंड आयुष्य लाभो. सगळ्यांचे एक आजोबा असतात, नव्वदीपर्यंत बिड्या ओढलेले.

गोठा ते गच्ची

मी पशुवैद्य आहे. सुरुवातीची नोकरी गाईम्हशींत गेली, आता शहरात कुत्री-मांजरं बघतो. कर्करोगावर सगळे भांडताय ते ठीक आहे, पण माझ्या टेबलावर त्याआधी दुसरंच काही येतं.

दमा. मांजरांना माणसासारखाच दमा होतो, आणि घरोघरी तो ओळखूच येत नाही. मांजर जमिनीला चिकटून बसतं, मान लांब पुढे काढतं, खांदे आत ओढतं आणि खॅक खॅक करतं. मालक म्हणतो, 'केसांचा गोळा अडकलाय'. गोळा पडत मात्र कधीच नाही. मग अर्धा मिनिटात मांजर उठून चालायला लागतं आणि विषय संपतो, पुढच्या आठवड्यापर्यंत. असं दिसलं तर कृपया मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरला दाखवा, कारण दवाखान्यात आल्यावर ते मांजर भीतीने खोकायचंच विसरतं.

सिगारेटमुळेच दमा झाला असं एकेका मांजराबद्दल मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण झालेला दमा धुराने भडकतो. त्यावर औषध म्हणजे तोंडाला लहान बाळाचा मास्क, त्याला नळी, त्याला इन्हेलर, सकाळ-संध्याकाळ, बहुधा जन्मभर. एका हातात पेटती सिगारेट आणि दुसऱ्या हातात मांजराचा इन्हेलर, असं दृश्य मी खरोखर पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट जिभेची. इथे मांजर माणसापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही वेगळं पडतं. धूर विरला तरी त्यातले सूक्ष्म कण खाली बसतात, सोफ्यावर, पडद्यावर आणि मांजराच्या अंगावर. मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाला चमच्यासारखे पोकळ असतात, त्यांत लाळ भरून ती केसांच्या मुळापर्यंत पोचते. जागेपणीचा केवढा तरी वेळ ते अंग चाटतं. म्हणजे जे अंगावर बसलं ते सगळं पोटात. मांजर टेबलावर घेतल्यावर मानेजवळ नाक नेलं की घरात कोणी ओढतं का हे मला फॉर्म न वाचता कळतं.

त्यात मांजराच्या यकृताला बऱ्याच गोष्टी निचरा करता येत नाहीत. म्हणूनच त्याला क्रोसिन देऊ नका, एक गोळीही जीव घेते. (अवांतर आहे, पण दर पावसाळ्यात एक तरी केस येते, म्हणून लिहितो.)

तोंडातला कर्करोग हा तिसरा विषय. जिभेखाली किंवा हिरडीवर होतो. लाळ गळणं, वास येणं, दात हलणं, म्हणून 'दात काढून द्या' म्हणत आणतात. तोवर बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो, निदानानंतर वर्ष काढणारी मांजरं विरळा. त्याचा धुराशी संबंध असावा असे संकेत आहेत, लिम्फोमाइतका पुरावा नाही. त्रैराशिकांनी मला इथे पकडू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्रैराशिक

नाही पकडत. दम्याचा मुद्दा मला पटला, तो कर्करोगापेक्षा जास्त वजनदार आहे. मग मावशी पोस्टरवर कर्करोगच का लावतात?

कासवछाप

कारण कर्करोगाला लाइक्स मिळतात.

आता माझं ऐका. मच्छर अगरबत्तीची एक गुंडाळी जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. २००३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे, चीन आणि मलेशियातल्या गुंडाळ्यांवरचं. शिवाय रोजचा धूप, उदबत्ती, दिवाळीत फुलबाज्या, आणि गणपतीचे दहा दिवस तर हॉलमध्ये समोरचा माणूस दिसत नाही. मांजर सोफ्याखाली.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि तंबाखू, मशेरी, गुटखा असा बिनधुराचा कारभार करणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमचा फॉर्म शंभरातल्या चार जणांना अडवतो आणि रोज रात्री पलंगाखाली गुंडाळी लावणाऱ्यांना पेढे देऊन पिल्लू देतो. फॉर्मात गुंडाळीचा प्रश्न आहे का?

धूम्रकेतू

कासवछाप, तुमच्या तोंडात साखर पडो.

मनीची मावशी

नाही, तो प्रश्न फॉर्मात नाही. टाकते आजच. पण दुसरा चोर मोकळा फिरतोय म्हणून पहिल्याला सोडा, हा कुठला न्याय? गुंडाळीला पर्याय आहे, खिडक्यांना आम्ही तशीही जाळी लावायला सांगतो, डासांची लावली की झालं. उदबत्ती थोडा वेळ जळते आणि ती दुसऱ्या खोलीत लावता येते. रोज एक पाकीट म्हणजे वीस सिगारेटी, वर्षभर, त्याच हॉलमध्ये.

उंबरठा

खूप दिवसांनी इथे लिहितेय. मी त्या जोडप्यातल्या बाईच्या जागी होते.

आमच्याकडे सासरे ओढायचे. मला दमा आहे, लग्नाआधीपासून. नवरा दोनदा बोलला, सासूबाई रोज बोलायच्या, मी कधीच बोलले नाही, कारण सासऱ्यांना कोण सांगणार? मग दिराने एक मांजर आणलं. ते नेमकं सासऱ्यांच्याच मांडीवर बसायचं. ते खोकायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले, घरात धूर नको. दुसऱ्या दिवसापासून अण्णा जिन्यात. माझ्या दम्याने जे झालं नाही ते मांजराच्या दम्याने झालं. राग यावा की हसू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्ही नाही म्हणता तेव्हा ओढणाऱ्याला काहीच होत नाही. नकार पदरात पडतो न ओढणाऱ्या बाईच्या. अमेरिकेत मिशिगनमध्ये पाळीव प्राणी असलेल्यांची पाहणी झाली होती, त्यात ओढणाऱ्यांपैकी २८.४ टक्के लोक म्हणाले, आपल्या धुराने प्राण्याला अपाय होतो हे कळलं तर सोडायचा प्रयत्न करू. म्हणणं आणि सोडणं यात अंतर आहे, कबूल. पण मांजर घरात आलंच नाही तर तेवढंही नाही.

त्रैराशिक

+१. धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. (एका घराचा नमुना असूनही.)

धूम्रकेतू

उंबरठाताई, हे वाचून जरा गप्प झालो. बरं, मग गॅलरीत ओढलं की भागतं का? डॉक्टर, सांगा.

गोठा ते गच्ची

बरंच भागतं, पूर्ण नाही. सॅन दिएगोमध्ये तान्ह्या बाळांच्या घरी मोजमाप केलं होतं, २००४ चं. आईवडील बाहेर जाऊन ओढत होते अशा घरांतही अजिबात न ओढणाऱ्या घरांपेक्षा तंबाखूच्या धुराचा पाच ते सात पट जास्त अंश सापडला. आत ओढणाऱ्यांकडे त्याहूनही कितीतरी जास्त. म्हणजे गॅलरीचा उपयोग आहे, पण शर्ट, दाढी, बोटं यांवरून माल आत येतोच. आणि मांजर नेमकं त्याच शर्टावर येऊन बसतं.

तेव्हा गॅलरी, मागे सरकतं दार बंद, आत आल्यावर हात धुणं आणि शर्ट बदलणं. थोटकं झाकणाच्या डब्यात, कारण पिल्लं ती खेळायला घेतात आणि निकोटीन थेट पोटात गेलं तर विषबाधा होते. हवा शुद्ध करणारं यंत्र घेऊन हॉलमध्येच ओढत बसणाऱ्यांसाठी, ते कण पकडतं, सोफ्यावर आणि मांजरावर बसलेलं पुसून काढत नाही.

कासवछाप

शर्ट बदलणारा सासरा महाराष्ट्रात सापडला तर कळवा.

मनीची मावशी

अपडेट. उंबरठाचा प्रतिसाद वाचून मी त्या जोडप्याला फोन केला आणि डॉक्टरांची यादी वाचून दाखवली. थोड्या वेळाने काकाच फोनवर आले. म्हणाले, 'गॅलरीत जाईन, हात धुवेन, डबा आणेन. पण दिवसाला वीस वेळा शर्ट बदलायला मी काय नाटकात काम करतो?'

धूम्रकेतू

काका आपलेच! अहो, जुना एक शर्ट गॅलरीच्या खिळ्याला टांगून ठेवायला सांगा, ओढताना वरून चढवायचा आणि तिथेच काढायचा. द्या आता पिल्लू.

मनीची मावशी

ही युक्ती कळवते त्यांना. पण आधी महिनाभर शर्ट खिळ्यावर दिसू दे, मग पिल्लू. तोवर हॉलमधले पडदेही धुवून घ्या म्हणावं.

धूम्रकेतू

महिनाभर? पिंजऱ्यात?

मनीची मावशी

पिंजऱ्यात नाही, माझ्या स्वयंपाकघरात. आत्ता ओट्यावर चढून पापलेटाचा वास घेतंय.