चार महिने समुद्रावर, नेट नाही: सिंगल-प्लेअर गेम सुचवा (मॉड चालणारे, परवाना न मागणारे)

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. मी मालवाहू जहाजावर इंजिन विभागात आहे. दहा दिवसांनी चार महिन्यांच्या खेपेवर निघतोय. जहाजावर नेट असतं, पण घरी मेसेज टाकण्यापुरतं. गेमच्या बाबतीत नेट नाहीच असं धरा. ड्यूटी संपली की केबिनमध्ये दीड-दोन तास एकट्यानं खेळणं, एवढाच विरंगुळा.

मागच्या खेपेला दगा झाला. एक मोठा गेम रीतसर विकत घेतला, घरी चालवून बघितला आणि नेला. तीन आठवडे छान चालला. मग एका बंदरात नेट मिळालं तेव्हा लॅपटॉपनं स्वतःहून काय काय अपडेट केलं, आणि परत समुद्रात आल्यावर गेम उघडला तर एकच पाटी: परवाना तपासण्यासाठी इंटरनेटला जोडा. चाळीस तासांची सेव्ह फाइल डिस्कवर पडलेली, पैसे भरलेले, आणि आत जाता येत नाही. शेवटी त्या पाटीकडे बघवेना म्हणून आयकॉनच काढून टाकला.

यंदा तसं नको. लॅपटॉप: १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५०, ३०० जीबी जागा मोकळी. भटकायला मोठं जग आणि धरून ठेवणारी गोष्ट असली की मला पुरे. मॉड (चाहत्यांनी गेमसाठी केलेली जादा भर) आजवर कधी टाकले नाहीत, पण त्यानं एकच गेम महिनोन् महिने पुरतो असं ऐकलंय. काय नेऊ? आणि गेम समुद्रात दगा देणार नाही हे घरीच कसं ओळखू?

जुनीफाइल

आधी दुसरा प्रश्न, कारण तो जास्त महत्त्वाचा.

गेम विकत घेताना तुम्ही नक्की काय घेताय ते दुकानावर ठरतं. गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानात (२००८ पासून चालू आहे) ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो उतरवून एक्स्टर्नल डिस्कवर ठेवला की संपलं. दहा वर्षांनी दुसऱ्या मशिनवर टाकलात तरी तो कुणाला विचारायला जाणार नाही. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिश्र कारभार आहे. काही गेम स्टीम बंद असतानाही थेट चालतात, बरेचसे ऑफलाइन मोडमध्ये चालतात, आणि काहींवर वरून आणखी एक कुलूप (चोरी रोखणारं तंत्र) असतं, डेनुवोसारखं. ते दुकानाच्या पानावर उजव्या बाजूच्या चौकटीत लिहिलेलं असतं. लोक तिकडे बघतच नाहीत. शिवाय पीसीगेमिंगविकीवर प्रत्येक गेमच्या पानावर कुठल्या दुकानातल्या प्रतीला कसलं कुलूप आहे ते मिळतं. घेण्याआधी तिथे बघायची सवय लावा.

तुमच्या बाबतीत काय झालं असेल त्याचा अंदाज येतो. डेनुवोसारखी कुलपं तुमच्या मशिनची ओळख घेऊन त्यावर परवाना बांधतात. त्या ओळखीत बदल झाला, किंवा गेमच अपडेट झाला, की नवा परवाना मागतात. घरी नेट असतं म्हणून हे सगळं दोन सेकंदांत मागच्या मागे होतं आणि कुणाला कळतही नाही.

आणि हे आजचं नाही. २००८ मध्ये स्पोर आला तेव्हा पैसे भरूनही तो तीनच मशिनवर सक्रिय करता येत होता. ओरड झाल्यावर मर्यादा वाढवली. २०१० मध्ये ॲसॅसिन्स क्रीड २ पीसीवर आला, तो तर पूर्ण वेळ नेट मागायचा. सर्व्हर कोसळले तेव्हा विकत घेणारे बाहेर बसले. माझ्याकडे डिस्कवर घेतलेले जुने गेम कपाटभर आहेत. २०१५ मध्ये विंडोज १० नं सेफडिस्कचा (जुन्या डिस्कवरच्या कुलपाचा) आधार काढून घेतला आणि त्यातले कित्येक एका रात्रीत मुके झाले. डिस्कवर ओरखडा नाही, गेममध्ये दोष नाही, फक्त कुलूप उघडणारा राहिला नाही. मला याचा अजून राग येतो.

निघण्याआधी करायची चाचणी:
वायफाय बंद करा. एक्स्टर्नल डिस्कवरून गेम नव्या फोल्डरमध्ये टाका. सुरू करा, अर्धा तास खेळा, सेव्ह करा, मशिन रीस्टार्ट करा, सेव्ह उघडा. नंतर मशिनची तारीख दोन महिने पुढे ढकलून पुन्हा उघडून बघा. एवढ्यातून जो पास होईल तोच न्यायचा.

मॉडवेडी

गेमचं मी सांगते.

स्कायरिम न्या. २०११ चा गेम आहे, पण त्याच्याइतके मॉड क्वचितच कुठल्या गेमला असतील. २०२२ पासून गॉगवरही मिळतो, तोच घ्या. तुमच्या लॅपटॉपवर आरामात पळेल.

पहिल्यांदाच मॉड टाकताय तर हात आवरा. नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर गेलात की दोनशे मॉड उतरवावेसे वाटतील. पहिल्या दिवशी पाचच टाका: अनऑफिशियल पॅच (चाहत्यांनी केलेल्या शेकडो दुरुस्त्या), एसकेएसई (इतर मॉडना लागणारा पाया), स्काययूआय (मेनू सुटसुटीत करणारा), एक हवामानाचा आणि एक नकाशाचा. एसकेएसई गॉगच्या प्रतीसाठी वेगळं असतं, स्टीमचं टाकलंत तर गेम उघडणारच नाही. मॉड टाकायला मॉड ऑर्गनायझर २ वापरा. तो मूळ गेमच्या फोल्डरला हात लावत नाही, प्रत्येक मॉड वेगळ्या कप्प्यात ठेवतो, त्यामुळे बिघडलं तर खूण काढायची आणि पुढे जायचं.

एक नियम पाळा: खेळ सुरू केल्यावर मधेच मॉड काढायचा नाही. स्क्रिप्ट असलेले मॉड सेव्ह फाइलमध्ये स्वतःचे धागे विणून बसतात. काढलात तर दोन तासांनी काहीतरी विचित्र सुरू होतं आणि कारण सापडत नाही. आधी घरी सगळं ठरवा, पाच-सहा तास खेळून बघा, मग त्या यादीला कुलूप घाला.

दुसरा पर्याय मॉरोविंड, २००२ चा. ओपनएमडब्ल्यू नावाचं मोफत इंजिन आहे, स्वयंसेवकांनी पायापासून लिहिलेलं. मूळ गेमच्या फाइल्स दिल्या की त्यावर चालतो. त्यात टॅमरिएल रीबिल्ट टाका. मूळ गेममध्ये एक बेट आहे, आणि हे लोक २००१ पासून पलीकडची मुख्य भूमी उभारतायत. गावं, गुहा, कामं, संवाद, सगळं. वीस वर्षांहून जास्त काळ, एक पैसा न घेता. मी त्यात पहिल्यांदा बोटीनं पलीकडे उतरले तेव्हा नुसती फिरतच राहिले, कुठलंही काम हाती घेतलं नाही.

निवांत

डिस्को एलिसियम (२०१९). गॉगवर आहे. लढाई नाही, सगळं संभाषण. ड्यूटीनंतर दमलेल्या डोक्याला झेपेल. इंग्रजी मजकूर मात्र भरपूर आहे, त्याची तयारी ठेवा.
आणि स्टारड्यू व्हॅली, शेतीचा निवांत गेम. जागा जवळपास लागत नाही.

कोडकारकून

मी एका छोट्या गेम स्टुडिओत काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कुलूप लावणारे सगळे दुष्ट नसतात. मोठ्या गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. चार-पाच वर्षं शेकडो माणसांनी खपून केलेली वस्तू पहिल्याच दिवशी फुकट फिरायला लागली तर पुढच्या प्रकल्पाचे पैसे कुठून आणायचे? ही भीती खरी आहे, मी ती मीटिंगमध्ये बघितलीय.

पण कुलूप कायमचं का, याचं उत्तर मलाही कधी पटलेलं नाही. २०१६ मध्ये डूम मेमध्ये आला आणि डिसेंबरात त्यातून डेनुवो काढलं गेलं. रेसिडेंट इव्हिल व्हिलेजमधूनही दोन वर्षांनी काढलं. मग बाकीच्यांना काय अडचण आहे? त्याच व्हिलेजमध्ये २०२१ साली पीसीवर चित्राला झटके बसायचे, आणि कंपनीनं चोरीविरोधी तंत्रात फेरफार करणारा पॅच दिल्यावर ते थांबले. तोवर त्रास सोसला तो पैसे भरलेल्यांनीच.

जुनीफाइल

@कोडकारकून, पहिल्या आठवड्यांचं म्हणणं मान्य. मग विकतानाच लिहून द्या की अमुक महिन्यांनी कुलूप काढू. मी आनंदानं थांबेन आणि पूर्ण किमतीला घेईन. आत्ता होतं काय, की काढायचं की नाही हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर. आणि विचर ३ बघा. २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून गॉगवर विनाकुलूप होता. बॉल्डर्स गेट ३ सुद्धा २०२३ मध्ये तसाच आला. दोन्ही तुफान खपले. चांगला गेम लोक विकत घेतात.

दर्यावर्दी

खूपच उपयोगी, आभार. @कोडकारकून, तुमचाही प्रतिसाद आवडला. मला गेम करणाऱ्यांचे पैसे बुडवायचे नाहीत, म्हणून तर विकत घेतो. मागच्या वेळी एका सहकाऱ्यानं पेन ड्राइव्हवर त्याच गेमची क्रॅक केलेली प्रत देऊ केली होती, आणि ती नेटशिवाय चालत होती. मी घेतली नाही, पण त्या रात्री फार वाईट वाटलं. पैसे न भरलेला माणूस खेळतोय आणि मी नाही.

विचर ३ चा विषय निघालाय तर विचारतो: तो नेऊ का? त्यालाही मॉड आहेत ना? आणि अपडेट आलं की मॉड तुटतात म्हणतात, ते का?

मॉडवेडी

विचर ३ जरूर न्या. गोष्टीसाठी तो स्कायरिमपेक्षा कितीतरी सरस. पण डिसेंबर २०२२ मध्ये त्याला ४.० हे मोठं अपडेट आलं, आणि त्याआधीचे बरेच मॉड त्यावर चालत नाहीत. मॉडच्या पानावर कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते वाचा. तुमच्या लॅपटॉपवर डायरेक्टएक्स (गेमचं चित्र काढणारी विंडोजची यंत्रणा) ११ निवडा, १२ जड जाईल.

मॉड तुटतात कारण काही मॉड मूळ प्रोग्रॅमच्या आत ठरावीक जागी जाऊन हात घालतात. एसकेएसई तर नेमकं तेच करतं. कंपनीनं नवा प्रोग्रॅम दिला की आतल्या जागा सरकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कायरिमला वर्धापनाचं अपडेट आलं तेव्हा माझी दीडशे मॉडची यादी एका सकाळी आडवी झाली. एप्रिल २०२४ मध्ये तेच फॉलआउट लंडन या फॉलआउट ४ च्या मोठ्या मॉडच्या लोकांबरोबर झालं. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून अख्खं लंडन उभारलं, तारीख जाहीर केली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात फॉलआउट ४ चं नवं अपडेट आलं. त्यांना तारीख पुढे ढकलावी लागली, जुलैत आला, तोही गेम जुन्या आवृत्तीवर परत नेऊन खेळायचा.

म्हणून मला तुमचा धागा वाचताना वाटत होतं की तुम्हाला जे हवंय तेच आम्हा मॉडवाल्यांना हवंय. गेम जागेवर थांबला पाहिजे. काल जसा होता तसा आज उघडला पाहिजे, मग मधे कंपनीचं काहीही होवो. मॉड करणारी माणसं चार चार वर्षं एका आवृत्तीवर काम करतात. पाया कुणी दुसराच हलवणार असेल तर त्यावर घर कसं बांधायचं? गॉगचा इन्स्टॉलर जपून ठेवला की तुमची प्रत तिथेच थांबते. स्टीमवर असेल तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'गेम सुरू केल्यावरच अपडेट कर' हे निवडा, आणि स्कायरिम स्टीममधून न उघडता एसकेएसईच्या लोडरमधूनच उघडा.

आणखी एक सुचवते, फारसं कुणी सांगत नाही: गॉथिक २ घ्या आणि त्यावर क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना: आर्खोलोस टाका. पोलिश मंडळींनी केलेला मोफत मॉड, डिसेंबर २०२१ मध्ये आला. मॉड कसला, स्वतंत्र गेमच आहे. आवाज पोलिश, खाली इंग्रजी मजकूर. सुरुवातीला कोल्हाही तुम्हाला मारून टाकेल, धीर धरा.

दर्यावर्दी

सहा दिवसांनी हजेरी लावतोय.

घेतलं ते असं: विचर ३, स्कायरिम, मॉरोविंड, डिस्को एलिसियम. सगळे गॉगवरून, इन्स्टॉलर एक्स्टर्नल डिस्कवर. आर्खोलोस पुढच्या खेपेला.

जुनीफाइल यांची चाचणी चारही गेमवर केली. वायफाय बंद, तारीख दोन महिने पुढे. चारही उघडले, सेव्हही उघडल्या. मग उत्सुकता म्हणून मागच्या वेळचा तो गेम पुन्हा टाकला, नेट जोडून एकदा चालवला, नेट काढून तारीख सरकवली. तीच पाटी. या वेळी निदान घरात बसून बघितली.

स्कायरिममध्ये सहा मॉड टाकलेत. पाच मॉडवेडी यांचे आणि सहावा पाण्याचा, लाटा बऱ्या दिसाव्यात म्हणून. पहिल्यांदा गेम सुरूच होईना, दोन तास गेले. स्टीमचं एसकेएसई टाकलं होतं. वर स्पष्ट लिहिलेलं असूनही.

मॉडवेडी

पहिल्यांदा सगळ्यांचं तेच होतं. उतरवलेल्या मॉडच्या झिप फाइल्सही डिस्कवर ठेवा बरं का, नुसतं बसवून थांबू नका. लॅपटॉप बिघडला तर तिथे नेक्सस उघडणार नाही.

जुनीफाइल

आणि सेव्ह फाइल्सचा फोल्डर आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर. विचर आणि स्कायरिमच्या सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये असतात, गेमच्या फोल्डरमध्ये शोधत बसू नका. बंदरात नेट मिळालं की विंडोजचं अपडेट आधी पॉज करा, मग घरी फोन. परत आलात की मॉरोविंडमध्ये पलीकडच्या किनाऱ्यावर कुठवर पोचलात ते लिहा.