शेवाळावर ॲसिड नको
वाटेवरचे शेवाळ घालवण्यासाठी ॲसिड ओतावे, असे काही जण सुचवतात; ते मला पटत नाही. शेवाळ जाते हे खरे, परंतु ॲसिड सिमेंटमधला चुना विरघळवून वरचा गुळगुळीत थर खाते, वाळू उघडी पडते आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर पुढच्या पावसाळ्यात शेवाळ अधिकच घट्ट धरते. कोकणातल्या आमच्या घरी फाटकापासून पडवीपर्यंतच्या काँक्रीटच्या वाटेचे असेच झाले. आता श्रावणातली उघडीप साधून ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडतो आणि 15 मिनिटांनी खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुतो (ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे ध्यानात असावे). खरे दुखणे मात्र पागोळ्यांचे होते. पन्हळ लावून ते पाणी बाजूला काढल्यावर घासण्याचे काम निम्म्यावर आले.