आमदारांच्या निवेदनात आकडे कुठले घ्यायचे? (सोसायटी ग्रुप, कोथरूड)

मेघना, सचिव (ए-६०५): नमस्कार मंडळी. आमदारांना द्यायच्या निवेदनाचा कच्चा मसुदा सकाळी टाकलाय. ‘कर कमी करा, उधळपट्टी थांबवा’ एवढंच लिहिलं तर कागद फाईलला लागेल आणि विषय संपेल. नेमके मुद्दे द्या, आकड्यांसकट. कुठल्याही पक्षाच्या पोस्ट इथे टाकू नका, ही विनंती.

देशपांडे काका (सी-७०३): मेघना, सुरुवात राज्याच्या अर्थसंकल्पापासून कर. २०२५-२६ साठी महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरली आहे आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. तूट ४५,८९१ कोटी. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हा रोजचा खर्चसुद्धा कर्ज काढून भागवायचा, असा या तुटीचा अर्थ होतो.

राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी आहे. ती वेगळी ठेव. तिच्यात रस्ते, धरणं, इमारती येतात, म्हणजे मागे काहीतरी मालमत्ता उरते. दोन्ही तुटी एकाच वाक्यात कोंबल्या तर वाचणारा पहिल्याच ओळीत आपल्याला खोडून काढेल. आपला आक्षेप महसुली तुटीवर आहे.

निखिल (बी-४०४): काका बरोबर. पण लोकांना आधी त्यांच्या खिशातून काय जातं ते दिसलं पाहिजे. पेट्रोल घ्या. पुण्यात राज्याचा व्हॅट २५ टक्के, शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार. हे २५ टक्के केंद्राचं उत्पादनशुल्क मिसळलेल्या किमतीवर लागतात, म्हणजे करावर कर. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपये लावले. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढवले. २०२२ मध्ये ५ रुपये उतरवले, पण अधिभार पूर्ण गेला नाही. दुष्काळ सरला, दुकानांचा प्रश्न मिटला, वसुली चालू आहे.

निखिल (बी-४०४): व्यवसाय कराचंही तेच. १९७५ चा कायदा रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आला. आज पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० जातात. यापेक्षा जास्त जात नाहीत कारण घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये २,५०० ची कमाल मर्यादा आहे.

स्मिता ताई (ए-२०१): मुद्रांक शुल्काचं मी लिहिते. आपल्या भागात ८० लाखांचा फ्लॅट घेतला तर:

मूळ शुल्क ५ टक्के, ४ लाख
स्थानिक संस्था अधिभार १ टक्का, ८० हजार
मेट्रो अधिभार १ टक्का, ८० हजार
नोंदणी फी, कमाल ३० हजार

एकूण ५ लाख ९० हजार. फक्त महिलेच्या नावावर घेतला तर १ टक्का सवलत, म्हणजे ८० हजार वाचतात. नवराबायकोचं संयुक्त नाव असेल तर ही सवलत मिळत नाही, इथे बरेच जण फसतात.

करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाच्या तक्त्याची) किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. १ एप्रिल २०२५ पासून रेकनर पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडला ६.६९ टक्के वाढला. करारातली किंमत आधीच रेकनरच्या वर असेल तर खरेदीदाराला फरक पडत नाही. पण जुन्या सोसायट्यांनी लक्ष द्यावं. पुनर्विकासात प्रीमियम एफएसआयचं, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचं, शुल्क रेकनरच्या टक्केवारीत मोजतात. रेकनर चढला की ते शुल्क चढतं, आणि बिल्डर तो भार सभासदांना मिळणाऱ्या वाढीव क्षेत्रातून कापतो. विधिमंडळात कुठलाही कर न वाढवता वसुली वाढते ती अशी.

वैद्य काकू (सी-२०१): मिळकतकराचं पण घाला ना. स्वतः राहत्या घराची ४० टक्के सवलत २०१९ ला काढली, २०२३ ला परत दिली, मध्ये सवलतीचा पीटी-३ फॉर्म भरायला सगळ्यांना रांगेत उभं केलं.

मेघना, सचिव (ए-६०५): काकू, सवलतीचा निर्णय राज्याचा होता हे खरं, पण तो प्रश्न आता सुटलाय. बिलातला शिक्षणकर मात्र राज्याचा असतो, महापालिका तो नुसता गोळा करते. तेवढी एक ओळ घेते.

शिंदे सर (बी-१०२): मला थोडं वेगळं म्हणायचंय. २०२५-२६ च्या अंदाजात राज्याचं कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे, मर्यादा २५ ची. राजकोषीय तूटही ३ टक्क्यांच्या आत. देशातल्या बऱ्याच राज्यांपेक्षा महाराष्ट्र शिस्तीत आहे. लाडकी बहीणचे १,५०० रुपये आपल्या सोसायटीत काम करणाऱ्या ताईंना मिळतात, त्यांच्या घरी त्यातून किराणा येतो. निवेदनात त्या योजनेवर झोड उठवणार असाल तर माझी सही धरू नका.

देशपांडे काका (सी-७०३): सर, योजनेतल्या बायकांवर माझा एका शब्दाचाही आक्षेप नाही. गरजूला थेट पैसे मिळावेत, मध्ये दलाल नको, हे मलाही पटतं. प्रश्न पैसा कुठून येतो त्याचा आहे.

टक्केवारीचं उत्तर देतो. कर्ज सकल उत्पन्नाशी मोजलं की लहान दिसतं. पण व्याज सकल उत्पन्नातून जात नाही, तिजोरीत आलेल्या महसुलातून जातं. २०२५-२६ मध्ये व्याज सुमारे ६४ हजार कोटी. जमा होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांतले साडेअकरा रुपये आधी तिथेच जातात, मग पगार आणि पेन्शन. त्यानंतर जे उरतं त्यात शाळा, दवाखाने, पाणी.

स्मिता ताई (ए-२०१): योजनेचं गणित तटस्थपणे मांडता येईल, सर. २०२५-२६ ची तरतूद ३६ हजार कोटी, महिन्याला ३ हजार कोटी. १,५०० ने भागलं तर बरोबर २ कोटी महिला. आता महिना २,१०० रुपये करण्याचं निवडणुकीतलं आश्वासन धरा. २ कोटी गुणिले ६०० गुणिले १२, वर्षाला १४,४०० कोटी जादा. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादनशुल्क निर्मितीमूल्याच्या ३ पटीवरून साडेचार पट केलं, तेव्हा मद्यावरच्या सगळ्या वाढीतून मिळून १४ हजार कोटी अपेक्षित असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे एवढी मोठी वाढसुद्धा एका आश्वासनाला पुरत नाही.

दुसरं, छाननी. पैसे जुलै २०२४ पासून सुरू झाले, कसून तपासणी २०२५ मध्ये झाली. जूनमध्ये २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ तात्पुरता थांबवला. १,५०० ने गुणा, महिन्याला ३९५ कोटी होतात. ई-केवायसी त्यानंतर आली. आधी पात्रता, मग पैसे, हा क्रम उलटा झाला आणि त्याचा त्रास पात्र बायकांनाही होतो, कारण नाव आधार किंवा बँक खात्याशी जुळलं नाही की त्यांचाही हप्ता अडकतो.

शिंदे सर (बी-१०२): हे असं लिहिलंत तर माझी हरकत नाही. ‘फुकटे’ वगैरे शब्द नकोत.

मेघना, सचिव (ए-६०५): तो शब्द मसुद्यात होता, काढला.

निखिल (बी-४०४): सीएनजी गाडीवरचा एक टक्का पण घ्या. जुलै २०२५ पासून १० लाखांपर्यंत ७ चे ८ टक्के झाले. ९ लाखांच्या गाडीला ९ हजार जास्त. धूर कमी करा म्हणून लोकांना सीएनजीकडे वळवलं आणि मग तिथेच वसुली. त्याच अर्थसंकल्पातला ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा ६ टक्के कर सभागृहात विरोध झाल्यावर मागे घेतला. सीएनजीवाल्यांसाठी कोणी उभं राहिलं नाही.

देशपांडे काका (सी-७०३): आता माझा मुख्य मुद्दा. पुरवणी मागण्या. निवेदनात एकच गोष्ट ठेवायची असेल तर ही ठेवा.

अनुच्छेद २०५ खाली सरकार वर्षाच्या मध्ये जादा खर्चाला मंजुरी मागू शकतं. महापूर आला, न्यायालयाचा आदेश आला, तर ते लागतंच. पण २०२५-२६ मध्ये पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी मागितले आणि हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटी. यात काही रक्कम नुसत्या हिशोबी नोंदींची असते, म्हणून एकूण आकडा लिहू नका, निव्वळ भार लिहा: ४०,६४४ आणि ६४,६०५. बेरीज १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे. मूळ अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा. म्हणजे मार्चमध्ये आठवडे चर्चा करून जे मंजूर केलं, त्याच्या १५ टक्के रक्कम नंतर दोन छोट्या अधिवेशनांत घाईघाईने वाढवली.

हिवाळ्यातल्या रकमेत अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांची मदत होती. ती हवीच होती, तिच्याविरुद्ध बोलायचं नाही. पण मार्चमध्ये ठाऊक असलेले खर्च मुद्दाम कमी दाखवायचे, तूट आटोक्यात दाखवायची आणि तेच खर्च जूनमध्ये पुरवणीतून आणायचे, ही सवय सगळ्या पक्षांच्या सरकारांना लागली आहे. त्यामुळे अर्थसंकल्पाला अर्थ राहत नाही, आणि पुढे पैसे कमी पडले की निखिलने सांगितले तसले अधिभार निघतात. आधी खर्च जाहीर होतो, उत्पन्न मागून शोधलं जातं. मला याचा खरंच संताप येतो.

निखिल (बी-४०४): ठेकेदारांची ८९ हजार कोटींची थकबाकी पण टाकायची का?

देशपांडे काका (सी-७०३): नको. तो संघटनांचा दावा आहे. त्यामागचं कारण मात्र लिहिता येईल. बीम्स या राज्याच्या निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर मूळ तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन वेगळे रकाने असतात. कामाला प्रशासकीय मान्यता देताना पहिला रकानाही नीट पाहत नाहीत. निधी वितरित नसताना कार्यादेश निघतो, काम होतं, बिल अडकतं. पेपरात येतो तो बहुतेक वेळा तरतुदीचा आकडा, म्हणून ‘इतके कोटी दिले’ वाचलं की आधी दुसरा रकाना उघडायचा.

मेघना, सचिव (ए-६०५): आमदारांकडे मागायचं काय? नुसती तक्रार नको.

देशपांडे काका (सी-७०३): तीन गोष्टी. पहिली, पुरवणी मागण्यांवरच्या चर्चेत त्यांनी विचारावं की यातला कुठला खर्च मार्चमध्ये ठाऊक नव्हता. दुसरी, ज्या विभागाचा निधी वर्षअखेर अखर्चित पडतो त्याच्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव. तिसरी, पेट्रोलच्या अधिभारावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं): मूळ कारण कोणतं, आजपर्यंत वसुली किती, बंद कधी. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून निवेदन याच आठवड्यात जायला हवं. सत्ताधारी आमदार कपात सूचना देणार नाहीत, पण प्रश्न विचारायला त्यांना कोणी अडवत नाही.

स्मिता ताई (ए-२०१): मेट्रो अधिभारासाठी माहिती अधिकाराचे दोन अर्ज करू. वसुलीचा हिशोब पुण्यातच मिळेल, कौन्सिल हॉलसमोर नवीन प्रशासकीय इमारतीत, नोंदणी महानिरीक्षकांच्या कार्यालयात. पैसे पुढे कोणाला दिले ते मंत्रालयात, नगरविकास विभागाकडे. एकाच अर्जात दोन्ही विचारलं तर कलम ६(३) खाली अर्ज इकडून तिकडे जातो आणि महिना वाया जातो.

आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एक अर्ज एक विषय, मजकूर १५० शब्दांत, फी १० रुपये. ‘का’ असं विचारायचं नाही, नोंदी मागायच्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

पहिल्या अर्जाचा मजकूर असा:
‘पुणे महापालिका हद्दीतील दस्तांवर आकारलेल्या १ टक्का मेट्रो अधिभाराची २०२२-२३ ते २०२४-२५ या कालावधीतील वर्षनिहाय जमा रक्कम, आणि ती शासनाच्या ज्या लेखाशीर्षाखाली जमा झाली त्याची प्रत.’

मार्च २०२० ते मार्च २०२२ हा अधिभार स्थगित होता, म्हणून सुरुवात २०२२-२३ पासून.

शिंदे सर (बी-१०२): दुसरा अर्ज मी माझ्या नावाने करतो. मजकूर पाठवा.

स्मिता ताई (ए-२०१): ‘२०२२-२३ ते २०२४-२५ या कालावधीत पुण्यातून जमा झालेल्या मेट्रो अधिभारापैकी मेट्रो प्रकल्पासाठी वर्षनिहाय वितरित रक्कम व संबंधित शासन निर्णयांच्या प्रती.’ सर, ऑनलाइन केलात तर नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, अपिलाला तोच लागतो.

मेघना, सचिव (ए-६०५): सुधारलेलं निवेदन दीड पानांत बसवते. पेट्रोल, मुद्रांक, सीएनजी, पुरवणी मागण्या, शेवटी तीन विनंत्या. लाडकी बहीणवर फक्त निधीचा स्रोत आणि छाननीचा क्रम. रविवारी १० ते १२ ऑफिसमध्ये सह्या. जे बाहेरगावी आहेत त्यांनी फ्लॅट क्रमांकासह ‘संमती’ असं इथे लिहा, पण त्यांची नावं सह्यांच्या यादीत न घेता वेगळ्या यादीत जातील.